रोमचें नाणें व प्रवरेचा कांठ

जुनें नाणें हातीं आलें, कीं मनुष्य प्रथम त्याची किंमत विचारतो आणि मग त्याचें नांव. वास्तविक क्रम उलटा असावयास पाहिजे. नांव, काळ व सांपडल्याचें ठिकाण हीं तीन कळल्याशिवाय नाण्याची किंमत सराफाच्या तराजूंत भरेल तेवढीच. आणि हीं तीन कळलीं म्हणजे तीच चकती सबंध प्रांताच्या इतिहासांत साक्षीस उभी राहते. इतिहासाचें अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे अशीं नाणीं दाखविण्यास लोक नेहमीं येत असतात. कोणाचें आजीच्या पेटींत निघालेलें असतें, कोणाचें शेतांत नांगराच्या फाळास लागलेलें असतें, तर कोणीं तें बाजारांतून हौसेनें आणलेलें असतें. त्यांपैकीं एखाद्यावर पुरुषाचें मस्तक व भोंवतीं न वाचतां येणारीं अक्षरें असलीं, कीं ‘हें रोमन नाणें असावें’ असा तर्क घरीं आधींच ठरून गेलेला असतो. तो कधीं खरा ठरतो. पुष्कळदां ठरत नाहीं. खऱ्याखोट्याची ही निवड कोणत्या रीतीनें करावयाची, आणि आमच्या जिल्ह्याच्या इतिहासास तिचें महत्त्व काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

रोमचें नाणें अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर असें नांव मिळालें त्या प्रदेशांत, येण्याचा संभव तरी कितपत, हा पहिला प्रश्न. जिल्ह्याचा नकाशा पुढें ठेवला तर उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. पूर्वेस गोदावरीच्या तीरीं सातवाहनांचें प्रतिष्ठान म्हणजे पैठण. पश्चिमेस सह्याद्रि, त्यांतील नाणेघाट व त्याच्या माथ्याकडील जुन्नर. घाट उतरल्यावर कल्याण व सोपारा हीं बंदरें. पैठणाहून घाटाकडे निघालेल्या बैलांच्या तांड्यास आमच्या जिल्ह्याची भूमि तुडविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील कोणा ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेला ‘पेरिप्लस’ नांवाचा जो प्रवासग्रंथ उपलब्ध आहे, त्यांत पैठण भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर व तगर त्याच्याहि पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. तगर म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ मध्यें दाखविलें. पैठणाहून गोमेदासारखे खडे व तेरहून कापड गाड्यांत भरून भडोचेस येई. उलट बाजूनें इटलीची मदिरा, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, आणि विशेष म्हणजे सोन्यारुप्याचीं नाणीं येत. या नाण्यांचा देशी चलनाशीं बदल केला असतां कांहीं नफा सुटे, असें तो व्यापारी आपल्या व्यवसायबंधूंस मुद्दाम सांगून ठेवतो. म्हणजे रोमचें नाणें येथें मालाची किंमत म्हणून तर आलेंच. परंतु तें स्वतःच एक माल म्हणूनहि आलें.

त्याच शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी याची तक्रार तर प्रसिद्धच आहे. हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्यांतून पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो, असें तो लिहितो. चार सेस्टर्सचा एक डिनेरियस. तेव्हां ही रक्कम सव्वा कोटि रुपेरी नाण्यांची झाली. नीतिवाद्याच्या त्राग्यांतील आंकडा हिशेबनिसाच्या वहींतील आंकड्याइतका काटेकोर मानण्याचें कारण नाहीं. तरी ओघ कोणत्या दिशेनें वाहत होता हें त्यावरून स्पष्ट होतें.

आमच्या जिल्ह्यांत या व्यापाराचा पुरावा जमिनींतून निघाला तो नेवाशास. ज्ञानेश्वरीचें जन्मस्थान म्हणून हें गांव प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, जेथें तो ग्रंथ पूर्ण झाला, त्याच गांवच्या पांढरीच्या टेकाडांत त्याहून हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें नगर पुरलेलें आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. शांताराम भालचंद्र देव व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत तेथें उत्खनन केलें, व त्याचा विस्तृत वृत्तान्त १९६० मध्यें प्रसिद्ध झाला. अश्मयुगापासून मुसलमानी अमदानीपर्यंतचे थर एकावर एक असे तेथें मिळाले. त्यांतील सातवाहनकालीन थरांत देशी खापरांबरोबर दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या परदेशी मद्यकुंभांचे तुकडे निघाले. ह्या कुंभांस ‘अँफोरा’ म्हणतात. भूमध्यसमुद्राकांठचा मद्याचा घडा प्रवरेच्या कांठीं फुटला, ही गोष्ट नाण्याइतकीच बोलकी आहे, किंबहुना अधिक. कारण नाणें हातोहात फिरत कोठेंहि जातें. मद्याचा घडा मात्र तो पिणारा जेथें असेल तेथेंच जातो.

मात्र येथेंहि ओळखण्याचा प्रश्न सुटत नाहीं. पश्चिम हिंदुस्थानांतील अनेक स्थळीं ‘रोमन’ म्हणून नोंदलेल्या खापरांची अलीकडे पुन्हां तपासणी झाली, तेव्हां त्यांतील पुष्कळ तुकडे रोमन नसून मेसोपोटेमियांतील डांबर लावलेल्या लांबट घड्यांचे आहेत, असें रोबर्टा टॉम्बर या विदुषीनें २००७ च्या सुमारास दाखवून दिलें. इटलीच्या कांपानिया प्रांतांतील कुंभांच्या मातींत ज्वालामुखीची काळी रेती मिसळलेली असते. या खुणेनें खरा इटालियन तुकडा वेगळा काढतां येतो. म्हणजे नुसत्या डोळ्यांस दिसणाऱ्या आकारावर विसंबून चालत नाहीं. वस्तु कशाची व कशी घडविली आहे हें पाहावें लागतें. नाण्याच्या बाबतींतहि हाच न्याय लागू आहे.

शेजारच्या प्रदेशांत रोमन नाणीं सांपडल्याचे दाखले आहेत. सोलापूर जिल्ह्यांतील दारफळ येथें १८४० सालीं रोमन सुवर्णनाण्यांचा ठेवा मिळाला. त्यांत दुसऱ्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या सेप्टिमियस सेव्हेरस बादशहाचीं नाणीं होतीं. तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्यांत अक्कनपल्ली येथें १५३१ रुपेरी नाणीं एकाच ठिकाणीं निघालीं. तमिळ मुलुखांत पुदुकोट्टा संस्थानांत १८९८ सालीं ५०१ सुवर्णनाणीं मिळालीं. सर्व देशांतील अशा ठेव्यांची यादी रॉबर्ट स्यूएल यांनीं १९०४ मध्यें केली, मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९५१ मध्यें, व पॉला टर्नर यांनीं १९८९ मध्यें. या याद्या पाहिल्या असतां बहुतेक नाणीं दक्षिणेकडे मिळालीं असून महाराष्ट्राचा वांटा लहान आहे, असें ध्यानांत येतें. याच कारणास्तव आपल्याकडे मिळणाऱ्या प्रत्येक खऱ्या नाण्याचें मोल अधिक आहे आणि प्रत्येक खोट्या नाण्यानें होणारी दिशाभूलहि तितकीच मोठी आहे.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. पहिली कसोटी वजनाची. रोमचें सोन्याचें नाणें ‘ऑरियस’ व रुप्याचें ‘डिनेरियस’. पहिल्या शतकाच्या आरंभीं ऑरियसचें वजन सुमारें ७.८ ग्रॅम व डिनेरियसचें सुमारें ३.९ ग्रॅम असे. आपल्या जुन्या मापानें सांगावयाचें तर एक आठ मासे, दुसरें चार मासे. इ. स. ६४ मध्यें नीरो बादशहानें दोन्हीं हलकीं केलीं. तेव्हांपासून सोन्याचें साडेसात मासे व रुप्याचें साडेतीन मासे भरूं लागलें. झीज धरूनहि या आंकड्यांपासून नाणें फार दूर गेलें, तर त्याच्या रोमनपणाविषयीं शंका घेणें रास्त होय. जातां जातां हेंहि सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं, कीं ‘डिनेरियस’ हा शब्द आपल्या ‘दीनार’ शब्दाचा पूर्वज आहे. रोममधील रुप्याच्या नाण्याचें नांव गुप्तांच्या शिलालेखांत सोन्याच्या नाण्यास मिळालें. नाणीं वितळून गेलीं. नांव मात्र भाषेंत खेळत राहिलें.

दुसरी कसोटी अक्षरांची. रोमन नाण्यावरील लेख बहुधा मस्तकाभोंवतीं वर्तुळांत असतो. शब्दांमध्यें जागा क्वचितच सोडलेली असते, आणि जागेच्या टंचाईमुळें पदव्या तोडून लिहिलेल्या असतात. उकार व वकार यांस एकच अक्षर. हिंदुस्थानांत पुष्कळ मिळालेलें टायबेरियस बादशहाचें रुपेरी नाणें उदाहरणार्थ घेऊं. त्याच्या दर्शनी बाजूस फुलपानांची माळ घातलेलें मस्तक व ‘टि सीझर डिवि ऑग एफ ऑगस्टस’ असा लेख असतो. ‘टि’ म्हणजे टायबेरियस, ‘डिवि ऑग’ म्हणजे देवपदास पोंचलेल्या ऑगस्टसचा, ‘एफ’ म्हणजे पुत्र. आमच्याकडील सातवाहन राजे स्वतःस गोतमिपुत, वासिठिपुत असें म्हणवीत. तो आपला बाप सांगतो, हे आपली आई सांगतात. दोघांनाहि राज्याधिकारास कुळाचा आधार हवाच आहे. टायबेरियसच्या नाण्याच्या मागील बाजूस आसनावर बसलेली स्त्री, तिच्या हातीं राजदंड व फांदी, आणि तो मुख्य धर्माध्यक्ष असल्याचें सांगणाऱ्या ‘पाँटिफ मॅक्सिम’ या पदवीचीं अक्षरें असतात. ऑगस्टसच्या नाण्यावर मागें गेयस व ल्यूशियस हे त्याचे दोघे दत्तक पुत्र उभे असतात व त्यांच्यामध्यें ढाली व भाले दिसतात. हे दोन छाप ज्यास ओळखतां आले त्यास हिंदुस्थानांतील रोमन रुपेरी नाण्यांचा मोठा भाग ओळखतां आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पदव्यांवरून काळ काढण्याची युक्ति विशेष मनोरंजक आहे. बादशहा कितव्यांदा ‘कॉन्सल’ झाला हें नाण्यावर आंकड्यानें दिलेलें असतें. ट्रेजन बादशहा पांचव्यांदा कॉन्सल झाला तो १०३ सालीं, सहाव्यांदा ११२ सालीं. तेव्हां त्याच्या नाण्यावर पांचाचा आंकडा असला, तर तें १०३ ते १११ यांच्या दरम्यान पाडलेलें असलें पाहिजे. शक वा सन न लिहितांहि नाणें आपलें वय सांगतें. फक्त तें वाचणाऱ्यानें पदव्यांचें कोष्टक जवळ ठेवावें लागतें.

तिसरी कसोटी घडणीची. रोमन नाणीं ओतीव नसत. धातूची चकती दोन ठशांमध्यें धरून वर हातोडा मारून तीं पाडीत. त्यामुळें कड ओबडधोबड, चित्र थोडें एकीकडे सरकलेलें, व अक्षरांचे कंगोरे स्वच्छ असतात. सांच्यांत ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेस सांध्याची रेघ, पृष्ठावर बारीक छिद्रें व अक्षरांस साबणासारखी गुळगुळीत मऊ गोलाई येते. दोन नाण्यांवर झीज व व्रण हुबेहूब एकाच जागीं असले, तर दोन्हीं एकाच सांच्यांतलीं समजावीं. शिवाय प्राचीन काळींहि नकला होत. तांब्यावर रुप्याचा पातळ पत्रा चढविलेलीं नाणीं, व हिंदुस्थानांतच घडविलेलीं, अक्षरांऐवजीं नुसत्या रेघोट्या असलेलीं सोन्याचीं नाणीं मिळतात. तेर व कोंडापूर येथें तर रोमन नाण्यांच्या छापाच्या मातीच्या चकत्याहि निघाल्या. सुवर्ण परवडत नव्हतें त्यांनीं मृत्तिकेवर हौस भागविली, असें दिसतें. अशी नक्कल खोटी म्हणून टाकून देण्याजोगी नव्हे. मूळ नाणें त्या गांवीं किती परिचित व प्रतिष्ठित होतें, याचाच तो पुरावा.

आतां रोमन म्हणून पुढें येणारीं, पण रोमन नसणारीं नाणीं पाहूं. यांत अग्रमान पुतळीचा. आमच्या स्त्रियांच्या गळ्यांतील पुतळ्यांची माळ कोणीं पाहिली नाहीं? त्या पुतळीचें मूळ व्हेनिसचा ‘डुकाट’. हें नाणें १२८४ च्या ठरावानें सुरू झालें व १७९७ मध्यें तें प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळजवळ एकाच छापानें व एकाच वजनानें, म्हणजे साडेतीन ग्रॅम अथवा सुमारें साडेतीन मासे, पडत राहिलें. एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढें गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा अधिपति. दुसऱ्या बाजूस तारकांच्या मंडलांत उभा ख्रिस्त. आमच्या लोकांस त्यांत माणसांच्या पुतळ्या दिसल्या, म्हणून नांव पुतळी पडलें. तमिळ लोकांस ध्वजाच्या काठींत ताडाचें झाड व अधिपतींत ताडी काढणारा दिसला, म्हणून त्यांनीं तिला ‘शाणारकासु’ म्हटलें. लेख लॅटिन असल्यामुळें पुतळी रोमन असल्याचा भास होतो. परंतु तिच्यांत व टायबेरियसमध्यें बाराशें वर्षांहून अधिक अंतर आहे. आजीच्या पेटींतील ‘रोमन’ सोन्याचें नाणें हें बहुधा हीच पुतळी, किंवा येथील सोनारानें केलेली तिची नक्कल, असें ठरतें. यांत हिरमुसलें होण्याचें कारण नाहीं. व्हेनिसचें नाणें मराठी वधूच्या गळ्यांत कसें आलें, हा इतिहासहि कमी सुरस नाहीं.

दुसरें फसविणारें नाणें क्षत्रपांचें. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें तेरा हजारांहून अधिक रुपेरी नाण्यांचा प्रचंड ठेवा मिळाला. तीं क्षहरात क्षत्रप नहपानाचीं असून त्यांतील सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर मस्तक आहे, व भोंवतीं बिघडलेल्या ग्रीक लिपींत लेख आहे. म्हणून प्रथमदर्शनीं तें परदेशी वाटतें. परंतु उलट बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरें. वजन अवघें दोन मासे. या ठेव्याचा अभ्यास करणारे रेव्हरंड स्कॉट यांस असें आढळलें, कीं या मस्तकांतील चेहरे कधीं तरुण, कधीं वृद्ध, इतके भिन्न आहेत कीं तें एकाच राजाचें चित्र असणें कठीण. ठसे कोरणाऱ्यापुढें रोमन बादशहांचीं नाणीं नमुन्यादाखल असावींत, असें अनुमान त्यांनीं काढलें. तें मान्य केलें तर नहपानाचें नाणें रोमन नसूनहि रोमन नाण्याचा साक्षीदार ठरतें.

याच नहपानाचा जांवई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख या विषयावर आणखी प्रकाश पाडतो. देवब्राह्मणांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांचे, पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दरानें, २,००० सुवर्ण होतात, असा हिशेब त्यानें दगडांत कोरून ठेवला आहे. हें ‘सुवर्ण’ कुशाणांचें नाणें, असें कांहीं विद्वान मानतात; कांहींच्या मतें तें रोमन ऑरियस होय. तें आठ मासे सोन्याचें असेल, व कार्षापण म्हणजे नहपानाचीं हींच दोन माशांचीं नाणीं असतील, तर आठ मासे सोन्यास नाशिकांत सत्तर मासे रुपें पडे. रोममध्यें एका ऑरियसास पंचवीस डिनेरियस, म्हणजे नीरोपूर्वीं शंभर व नीरोनंतर साडेसत्याऐंशीं मासे रुपें लागे. अर्थात् येथें रुपें महाग होतें; आणि पेरिप्लसकर्त्या व्यापाऱ्यानें सांगितलेला नफा कोठून सुटत होता, हें या त्रैराशिकानें उलगडूं शकतें.

नाणें खरें ठरलें तरी त्यावरून काय सिद्ध होतें, याची मर्यादा ओळखणें हें परीक्षेचें अखेरचें व कठीण अंग. टायबेरियसचें नाणें सांपडलें म्हणून तें टायबेरियसच्याच वेळीं येथें आलें, असें होत नाहीं. नीरोनें चलन हलकें केल्यावर जुनीं जड नाणीं परदेशीं व्यापारास अधिक पसंत पडूं लागलीं, व तीं मागाहून पुष्कळ वर्षें येत राहिलीं असावींत. पुदुकोट्ट्याच्या ठेव्यांतील बहुसंख्य नाण्यांवर बादशहाच्या मस्तकावर छिनीनें वार केलेला आहे. चलनांतून काढून केवळ सोनें म्हणून तीं बाजूस ठेवलीं होतीं, असा त्याचा अर्थ लावतात. कांहीं नाण्यांस भोंक पाडून गळ्यांत घातलेलें दिसतें. तेव्हां नाणें मिळालें म्हणून रोमन मनुष्य त्या गांवीं आला, असें म्हणणें म्हणजे पुतळीवरून व्हेनिसचा अधिपति मराठवाड्यांत येऊन गेला असें म्हणण्यासारखें आहे. जुन्नर व कार्ले येथील लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत. यवनांच्या येथील वास्तव्यास आधार हवा असेल तर तो तेथें शोधावा. नाणें मात्र व्यापाराची साक्ष देतें, आणि त्या व्यापारांत आमचे सार्थवाह, गाडीवान, विणकर व मणिकार यांचा वांटा परक्या खलाशांहून कमी नव्हता. आमच्या जिल्ह्यास अभिमान वाटावयाचा तर तो या कर्तृत्वाचा वाटावा. त्यासाठीं गांवास रोमनांची वसाहत करून दाखविण्याची आवश्यकता नाहीं.

शेवटीं वाचकांस एक विनंति. जुनें नाणें हातीं लागल्यास तें चिंच, लिंबू अथवा रांगोळीनें घासूं नये; देवघरांतील तांब्याभांड्यांस जें हितकर तें नाण्यास मारक आहे. अक्षरांवरील पुट जातें व त्याबरोबर अक्षरेंहि जातात. नाणें कोणत्या शेतांत, किती खोलीवर, कोणत्या खापरांसोबत मिळालें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. त्याचें वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत करवून घ्यावें आणि दोन्हीं बाजूंचें छायाचित्र काढावें. जमिनींत पुरलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन मिळाल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तु परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे. परंतु कायद्याच्या धाकाहूनहि विचार महत्त्वाचा. वितळलेलें नाणें सोनारास आठ मासे सोनें देतें आणि संपतें. ठिकाण न सांगतां विकलेलें नाणें संग्राहकाच्या पेटींत सुरक्षित राहतें, पण मुकें होतें. प्रवरेच्या कांठचें नाणें प्रवरेच्या कांठचें म्हणून नोंदलें गेलें, तरच पैठण ते नाणेघाट या वाटेचा एक मुक्काम निश्चित होतो. नेवाशाच्या खापरांनीं ही वाट दाखवून दिली आहे; तिच्यावरील पुढचे मुक्काम कोणाच्या नांगराच्या फाळास लागतील तेव्हां ते ओळखणारे डोळे व जपणारे हात गांवांत असावे, एवढीच अपेक्षा.